सासूबाईंचा खांदा

"अहो, आई जरा अंगानं भरल्यासारखी दिसतेय का?"

बायको काय विचारतेय तिकडे बाइंडरांचं लक्ष नव्हतं. नव्या टीव्हीच्या पडद्याला नाक टेकवून ते भिंगातून सासूबाईंची भुवई तपासत होते. सदतीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधण्यात आणि कापण्यात गेलेली, त्यामुळे समोर आलेली कुठलीही गोष्ट भिंगाखाली घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्ली त्यांना बाइंडरच म्हणे आणि त्यांच्या बायकोला बाइंडरीणबाई. खरी नावं फक्त विजेच्या बिलावर उरली होती.

"मोठ्या टीव्हीत सगळेच भरतात," ते म्हणाले. "जाडीचं सोड. भुवई कुठे संपते आणि कपाळ कुठे सुरू होतं ते सांग मला. भिजलेल्या रद्दीवर छापल्यासारखं चित्र आहे हे."

"मला आई दिसतेय. मला तेवढं पुरे."

"दिसणं वेगळं आणि नीट दिसणं वेगळं!"

हा टीव्ही परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने गेल्याच आठवड्यात पाठवला होता. भिंतभर, आणि वर एचडी. त्यावर बातम्या लावल्या की निवेदिकेच्या दातांतली फट मोजता येई. आणि त्याच टीव्हीवर जुन्या डीव्हीडी प्लेअरमधून वाढदिवसाच्या फिल्ममधल्या सासूबाई मात्र धुक्यातून वाट चुकून आल्यासारख्या येत. एरवी बाइंडरांनी हे एखादे दिवशी सोसलंही असतं. पण त्याच सकाळी दादाचा फोन आला होता.

दादा म्हणजे बाइंडरीणबाईंचा थोरला भाऊ. धंद्याने शिंपी. अकरा वर्षांपूर्वी आईच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसासाठी त्याने आईला एक लोकरी कोट शिवला होता. आईने तो घालून पाहिला, म्हणाली, खांद्यात आवळतोय रे. दादा म्हणाला, आवळत नाही, बसतोय. आई म्हणाली, मला ठाऊक नाही का माझा खांदा! आणि दुसऱ्या दिवशी ती माउली तो कोट घेऊन गेली कुठे, तर दादाच्या दुकानासमोरच्या शिंप्याकडे. त्याच्याकडून खांदा उसवून सैल करून घेतला. दादाने आपल्या मशीनवर बसल्या बसल्या काचेतून ते पाहिलं. शिंप्याच्या आईने समोरच्या शिंप्याकडून कोट दुरुस्त करून घ्यायचा, यापेक्षा तिने दादाच्या दोन थोबाडीत मारल्या असत्या तर तो हसत हसत घरी गेला असता.

झालं. दादा वाढदिवसाला आला नाही. पुढच्याच वर्षी आई गेली. तेव्हा आला, खांदा दिला, तेराव्या मिनिटाला निघून गेला. त्यानंतर बहिणीच्या घराची पायरी म्हणून चढला नाही. आणि आज सकाळी अचानक म्हणाला, "दुकान विकलं मी. सोमवारी मुलाकडे चाललोय, कायमचाच. रविवारी येऊ का? वाढदिवसाची ती डीव्हीडी आहे ना तुमच्याकडे? आईला एकदा बघायचंय."

"ऐका," बाइंडरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अकरा वर्षांनी माझा भाऊ आपण होऊन येतोय. पुन्हा कधी येईल देव जाणे. टीव्ही लावायचा, आई दाखवायची, चार शब्द बोलायचे. काही घोळ घालू नका."

"मी? आणि घोळ?" बाइंडर दुखावले. "अगं, माणूस आईला शेवटचं बघायला येतोय. त्याला अशी पुसट आई दाखवायची? काही जनाची नाही तर मनाची!"

घोळाला त्यांनी शुक्रवारी सकाळी सात वाजता हात घातला.

आधी लेकीला फोन. लेक म्हणाली, "बाबा, तुमची ती पिवळी वायर काढून टाका. पिवळी वायर म्हणजे सगळी मिरवणूक एका बोळातून ढकलायची. लाल, हिरवी, निळी अशी तीन तोंडांची वायर मिळते, ती लावा. आणि आवाजाच्या दोन वेगळ्या, लाल आणि पांढरी. त्या काढू नका."

बाइंडर वायर घेऊन आले. टीव्हीच्या मागे शिरले. आता मागे अंधार, वायरी पाच, भोकं पाच, आणि त्यांत लाल दोन. भिंग होतं, पण भिंग धरायला तिसरा हात नव्हता. धुसफुसत, शिंकत, कोळ्याची जाळी डोक्यावर घेऊन ते बाहेर आले आणि बटण दाबलं.

टीव्हीत गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज आला आणि सासूबाई हिरव्यागार दिसल्या.

"अगंबाई! विष बाधल्यासारखी दिसतेय हो आई!" बाई हातातलं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"पण भुवई बघ! भुवई!" बाइंडर आनंदाने म्हणाले. "केस न् केस मोजून घे!"

लालच्या जागी लाल जायला दुपार झाली. आवाज सुधारला, सासूबाई माणसात आल्या. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण माणसाचं तसं नसतं. केक कापताना चित्र एकदा क्षणभर अडखळलं. बाइंडरांच्या मनाने घेतलं की तबकडीवर ओरखडा आहे. वायरवाल्या दुकानदाराने फुकटचा सल्ला दिलाच होता: दात घासायची पेस्ट चोळा, ओरखडा जातो. पाच मिनिटांनी बाई न्हाणीघरात डोकावल्या, तर नवरा एका हातात सासू आणि दुसऱ्या हातात पेस्ट घेऊन उभा.

"खबरदार!" बाई अशा ओरडल्या की शेजारच्यांनी खिडकी उघडली. "एकुलती एक आठवण आहे ती माझ्या आईची! दात आहेत का तिला?"

तबकडी जप्त झाली. रुमालात गुंडाळून कपाटात गेली आणि चावी बाईंच्या गळ्यातल्या साखळीला. रविवारी दादा येईपर्यंत मिळणार नाही म्हणजे नाही.

मग टीव्ही जमवायचा कशावर? घरात दुसरी डीव्हीडी एकच होती, प्लेअरबरोबर फुकट आलेली. तिच्यात काचेच्या टाकीतले मासे तासभर इकडून तिकडे जात आणि नंतर तिकडून इकडे येत. शुक्रवार रात्र आणि अख्खा शनिवार बाइंडरांनी त्या माशांवर काढला. टीव्हीच्या आतल्या यादीत एकेक कळ दाबावी, मासा बघावा, वहीत टिपावं. 'तीक्ष्णता शंभर: माशाला दाढी आल्यासारखी वाटते. तीक्ष्णता पन्नास: दाढी कमी. तीक्ष्णता शून्य: मासा सुखी.' तीक्ष्णता कमी केल्यावर चित्र जास्त खरं दिसतं, हा शोध लागला तेव्हा त्यांना इतकं भरून आलं की त्यांनी बायकोला उठवून सांगितलं. बायकोने कूस बदलली.

शनिवारी दुपारी प्लेअरमधलं 'प्रोग्रेसिव्ह' नावाचं काहीतरी चालू केलं आणि पडदा काळाठिक्कर पडला. लेक फोनवर सांगत होती, "बाबा, दहा सेकंद थांबा, आपोआप येईल." पण संकटात दहा सेकंद थांबणारा माणूस अजून जन्मायचा आहे. बाइंडरांनी सातव्या सेकंदाला प्लग उपटला. असं चारदा झालं. पाचव्यांदा बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले, तेव्हा चित्र आलं. आणि खरं सांगायचं तर असं चित्र आलं की बाईही बघत राहिल्या. खवला न् खवला वेगळा. बुडबुडे काचेच्या मण्यांसारखे. पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला, कुठे काळी पट्टी नाही. बाइंडरांना पट्टीचा मनस्वी राग होता. पुस्तकाची वाकडी कड कापून टाकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला चित्राभोवतीची रिकामी जागा कशी सोसावी?

फक्त एक झालं. मासा मुळात किती लांब असावा, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी बरोबर चारच्या ठोक्याला दादा आला. वाळला होता. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसला, उठून जायची मुभा ठेवून.

"चहा टाकते दादा."

"नको. आधी आई लावा."

कपाट उघडलं, तबकडी प्लेअरमध्ये गेली. ह्याच खोलीतला तो वाढदिवस. फोटोवाल्याने मधोमध कॅमेरा उभा करून घेतलेला. आई खुर्चीत बसलेली, समोर केक. चेहरा इतका स्वच्छ की हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. बाईंचे डोळे भरून आले. बाइंडर पडद्याकडे बघतच नव्हते. ते दादाच्या चेहऱ्याकडे बघत होते, पसंतीची पावती कधी फाटते म्हणून.

दादा हळूहळू उठला.

"थांबवा," तो म्हणाला. "थांबवा आधी ते."

चित्र थांबलं. दादा पडद्याजवळ गेला. खिशातून टेप निघाली. आयुष्यभराची खोड, दुकान विकलं तरी टेप सुटली नव्हती. त्याने ती पडद्याजवळ हवेत धरली.

"हा खांदा बघ. बघ हा खांदा! मी साडेचौदा इंच दिला होता. फार तर फार पंधरा धर. हा वीस आहे, वीस! गाठोड्याला बाह्या लावल्यात त्या समोरच्या मेल्यानं!"

"दादा, अरे, बस ना जरा..."

"काय बसू? अकरा वर्षं मी स्वतःला खात होतो. म्हटलं, माझंच चुकलं असेल, आवळत असेल आईला. आता जवळून बघितलं. पोत्यासारखा लोंबतोय कोट तिच्या अंगावर, आणि तिला तो चालला! माझा नाही चालला!" त्याने पिशवी उचलली. "बरं झालं दाखवलंत. आता उद्या निवांत जातो."

बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं बाइंडरांना वाटलं. त्यांनी मान वर केली, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. मग टीव्हीतल्या घड्याळावर गेली. घड्याळ तेच, भिंत तीच. पण भिंतीवर घड्याळ गोल होतं आणि टीव्हीत त्याचं अंडं झालं होतं. केकही अंड्यासारखा. सासूबाईंचं डोकंसुद्धा.

"दादा!" ते ओरडले. "थांबा! शिंपी निर्दोष आहे! गुन्हेगार मी आहे!"

दादा दारात थांबला. बाइंडरांनी घाईघाईने लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, "बाबा, म्हणजे प्लेअरला अजून आपला जुना चौकोनी टीव्हीच वाटतोय. त्याच्या सेटिंगमध्ये जा. टीव्हीचा आकार काय लिहिलाय?"

"चार बाय तीन. पुढे लिहिलंय, कडा कापून."

"कडा कापून? हे कुणी करून ठेवलं?"

करून ठेवणारा तिथेच उभा होता. फोटोवाल्याने फिल्म लांबट काढली होती. जुन्या टीव्हीवर ती लावली की वर आणि खाली काळ्या पट्ट्या येत. तेव्हा याच माणसाने पहिल्याच दिवशी प्लेअरच्या यादीत शोधून शोधून ते कलम निवडलं होतं: दोन्ही बाजू कापा, मधला तुकडा मोठा करा. पट्ट्या गेल्या होत्या. तोच कापलेला तुकडा आता नव्या टीव्हीने आडवा ताणला होता.

"सोळा बाय नऊ करा," लेक म्हणाली, "आणि जास्त काही दाबू नका."

त्यांनी केलं. घड्याळ गोल झालं. केक गोल झाला. सासूबाई अकरा वर्षांपूर्वी होत्या तेवढ्याच बारीक झाल्या, आणि त्यांच्या अंगावरचा कोट नीट बसला.

दादा दोन पावलं आत आला. डोळे बारीक करून बघत राहिला.

"पंधरा," तो शेवटी म्हणाला. "अर्धाच इंच सोडलाय. काखही बरी बसवलीय." आणि खुर्चीत मागे टेकून बसला. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "आता टाकते चहा," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

चित्र पुढे सरकलं. आता ते दोन्ही बाजूंनी वाढलं होतं. उजवीकडे खिडकी आणि खुद्द बाइंडरांचं कोपर. डावीकडे बाहेरचं दार. दार उघडं होतं, आणि दारात एक माणूस उभा होता. गळ्यात टेप, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

बाई उठल्या तशाच उभ्या राहिल्या.

टीव्हीत आईने मान वर केली. दाराकडे वळून डोळे किलकिले केले आणि म्हणाली, "दार लावू नका गं."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. दर वेळी ते आलं की सगळे हसत: आईला सारखं उकडायचं! आणि त्यापाठोपाठ बाईंचा आवाज येई, "अगं आई, वाऱ्यानं मेणबत्त्या विझतायत," आणि मग धाड. एवढंच ऐकलं होतं अकरा वर्षं. आज पहिल्यांदा दिसलं. अकरा वर्षांपूर्वीच्या बाई दोन्ही हातांत बशा घेऊन दाराकडे पाठ करून आल्या आणि मागे न बघता कोपराने दार ढकलून दिलं. दारातला माणूस दिसेनासा झाला.

"दादा," बाई म्हणाल्या, "तू आला होतास?"

"म्हणजे?" दादाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही बघितलं नव्हतंत? अकरा वर्षं ही फिल्म बघताय ना?"

"आमच्या टीव्हीत दार नव्हतं रे."

दादाने हातातली पिशवी खाली ठेवली. मग हळूहळू म्हणाला, "मला वाटलं, सगळ्यांनी बघितलंय. दहादा बघितलंय. आणि एकानंही विचारलं नाही, की बाबा, दारातून परत का गेलास. म्हटलं, तोंडावर दार लावणारी बहीण, ती काय विचारणार."

"तोंडावर? अरे, मला पाठीला डोळे आहेत का?"

"ते आज दिसलं."

"दोष माझा आहे," बाइंडर म्हणाले. "मीच कापल्या कडा. मला वाटलं, कडेला काय असतं..." कोणी त्यांना बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

"मागे घ्या जरा," दादा म्हणाला. त्यांनी मागे घेतलं. आई पुन्हा दाराकडे वळली, पुन्हा डोळे किलकिले केले.

"मला ओळखलं होतं का गं तिनं?"

बाई खाली बसल्या. "फोटोत चमकतो म्हणून चष्मा मीच काढून ठेवला होता तिचा. पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं मला, दारात कोण होतं गं? मी म्हटलं, कोणी नाही आई. वारा होता."

टीव्हीत लोक टाळ्या वाजवत होते. बाइंडरांनी आवाज बंद केला.

"हातात काय होतं तुझ्या?"

"कोट," दादा म्हणाला. "दुसरा. रात्रभर बसून शिवला होता, साडेपंधराचा खांदा घेऊन. म्हटलं, आपणच हरावं. आता दुकान विकताना सापडला, कसरीनं खाल्लेला."

बाइंडरांनी न सांगता पुन्हा मागे घेतलं. चारदा बघितली ती जागा तिघांनी. चारही वेळा आई म्हणाली, दार लावू नका, आणि चारही वेळा दार लागलं. चित्रात खोट काढायला जागा नव्हती. इतकं नीट दिसत होतं की बाइंडरांनी मान खाली घातली.

"एकदा वाजवायला हवं होतं मी," दादा म्हणाला. "दार लावलं म्हणून काय झालं? हात होते की मला."

"आणि मी एकदा मागे बघायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "मेणबत्त्या काय रे दादा, विझल्या तर परत लावता येतात."